तिसऱ्या शिट्टीनंतरची बाजू

बाईंच्या घरी रविवारी सकाळी वाद घालायला जायचं म्हणजे एक कान कुकरकडे ठेवूनच बोलावं लागे. स्वयंपाकघरात काका, म्हणजे बाईंचे यजमान, वरण-भाताचा कुकर चढवत आणि बाहेरच्या खोलीत आमची जुंपायची. तिसरी शिट्टी झाली की ज्याने जी बाजू घेतली असेल ती त्याने तिथल्या तिथे सोडायची आणि विरुद्ध बाजूने बोलायचं. तोंडातलं वाक्य अर्धं असलं तरी. इतका वेळ ज्याला मूर्खात काढलं त्याचंच म्हणणं आता त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं, असा डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांचा नियम होता.

मला हा नियम मुळीच आवडायचा नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. भांडायला लागले की मला जिंकायचंच असतं, आणि नेमकी मी जिंकायला आले की आतून शिट्टी. एकदा तर मी तरातरा स्वयंपाकघरात जाऊन काकांवरच उखडले, "काका, तुम्ही मुद्दाम गॅस मोठा करता!"

"मुद्दाम नाही गं," काका कोथिंबीर चिरता चिरता म्हणाले. "तू फार चढायला लागलीस की जरासा वाढवतो, एवढंच."

मी कल्याणला कॉलेजात होते तेव्हा, ऐंशीच्या दशकात, बाई आम्हाला गणित शिकवायच्या. फळ्यावर सिद्धता पूर्ण झाली की बाकीचे प्राध्यापक हात झटकून पुढच्या धड्याकडे वळत. बाई वळत त्या आमच्याकडे. "आता हे खोडून काढा कोणीतरी," असं म्हणायच्या आणि खरंच डस्टर पुढे धरून उभ्या राहायच्या. पहिले काही महिने कोणी जागचं हललं नाही. मग एकदा मी उठले, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, तावातावाने काहीतरी बोलले आणि साफ चुकले. बाईंनी माझी चूक अशा कौतुकाने सगळ्या वर्गाला समजावून सांगितली की मला वाटलं मीच काही शोध लावला. त्या दिवसापासून मी बाईंची झाले, ती आजतागायत.

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सकडे वळले आणि ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात सर्किटं तपासायच्या कामाला लागले. घर वर्तकनगरला, काम जवळच. माझ्या समोरच्या टेबलावर खाडीकाठच्या कोळीवाड्यातला एक जण बसायचा. वडिलांची होडी, आई बाजारात मासळी विकायची, आणि याचा हात सोल्डरिंगला असा की बघत राहावं. तोंडही तसंच चालायचं. मी त्याला एका रविवारी डोंबिवलीला ओढून नेलं, तर पहिल्याच दिवशी तो माझ्यापेक्षा मोठ्याने भांडला. काकांनी त्याला वरण दोनदा वाढलं. मग काय, तो कायमचाच यायला लागला.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत वर्तमानपत्रात परदेशातली एक बातमी आली आणि कितीतरी रविवार तिने खाल्ले. एका बड्या देशाच्या सरकारने टेलिफोनसाठी एक चिप काढली होती. बोलणं तिच्यातून गेलं की त्याचा असा गुंता व्हायचा की मध्येच कोणी चोरून ऐकलं तर त्याला नुसती खरखर ऐकू यावी. गुंता सोडवायला किल्ली लागणार, म्हणजे एक गुप्त आकडा. त्या किल्लीची एक प्रत सरकारकडे. आणि गुंता नेमका कसा करतात ते गुपित! लोक म्हणाले, आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? तेव्हा सरकारने काही नामांकित तज्ज्ञ बोलावले, त्यांना आत नेऊन दाखवलं, आणि तज्ज्ञांनी बाहेर येऊन सांगितलं की चांगलं आहे.

"आता यात वाद कसला?" कोळीवाड्यातला म्हणाला. "इस्त्री घेताना आपण छाप बघतो ना? उघडून आतल्या वायरी बघतो काय? ज्यांना कळतं त्यांनी बघितलं. खेळ खल्लास."

"अरे, इस्त्री फोडायला कोणी जन्मभर टपून बसलेलं नसतं!" मी उसळले. "हे कुलूप आहे. कुलूपवाल्याने बोलावलेल्या चार पाहुण्यांनी चहा पिऊन मान डोलावली म्हणून कुलूप भक्कम होत नाही. गावातल्या सगळ्या चोरांच्या हातात द्या, महिनोन्‌महिने झटू दे त्यांना, मग बोला."

"चोरांना कुलूप द्या म्हणे! वा गं बाय!"

"द्यायचंच! आराखडा बघून जे उघडतं ते कुलूपच नव्हे. किल्ली तेवढी लपवा, बाकी सगळं उघड्यावर..."

शिट्टी झाली. मी दातओठ खात बाजू बदलली. म्हटलं, ऑपरेशनच्या वेळी आपण डॉक्टरला शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर पोट उघडायला सांगतो का, जाणत्यांवर भरवसा ठेवल्याशिवाय जग चालेल का, वगैरे. बऱ्यापैकी जमलं. पण कोळीवाड्यातल्याने माझी बाजू घेतली आणि मला गारच केलं.

"माझी आई बोटीवरनं माल उचलते तेव्हा पहिला माशाचा कल्ला उघडून बघते," तो म्हणाला. "आत लाल आहे की काळा पडलाय. उद्या कोणी कल्ला झाकून धरला आणि म्हणाला, मावशे, तज्ज्ञांनी बघितलाय, तर ती त्याची पाटी त्याच्याच डोक्यावर उलटी करील. तज्ज्ञ खोटं बोलतो असं ती म्हणणार नाही. ती म्हणेल, मग झाकतोस कशाला?"

बाई अशा वेळी एखादाच प्रश्न विचारत. त्या दिवशी म्हणाल्या, "तज्ज्ञांनी चांगलं म्हटलं, ठीक. पण आपल्याला काय दाखवलं, काय दाखवलं नाही आणि बघायला किती वेळ दिला, हे त्यांनी लिहिलंय का? 'मला फोडता आलं नाही' आणि 'हे फुटत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तज्ज्ञाने पहिलं म्हणावं. दुसरं म्हणायचा मोह फार होतो." मी हे वाक्य तेव्हा मान डोलावून ऐकलं आणि पुन्हा कोळीवाड्यातल्याकडे वळले.

एकदा आम्ही सगळे खडवलीला नदीवर गेलो होतो. पुऱ्या-भाजी बरोबर घेतलेली, त्यामुळे कुकर नाही, आणि कुकर नाही म्हणजे बाजू बदलायची कधी? कोळीवाड्यातल्याने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पलीकडच्या काठावरच्या म्हशींनी माना वळवल्या. खाडीत एका होडीवरून दुसरीला हाक मारायची त्यांची ती पद्धत. मी हट्टाने त्याच्याकडून शिकून घेतली, ओठ सुजेपर्यंत. बाईंनीही खूप प्रयत्न केला. नुसती हवा यायची, आणि त्या पाण्यात पाय सोडून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. बाईंना मी इतकं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी हा सगळा वाद आमच्या दारात येऊन उभा राहिला. आपल्याकडच्या एका सरकारी संस्थेने तशीच एक पेटी केली. बँकेच्या शाखा टेलिफोनच्या तारेवरून एकमेकींना जे निरोप पाठवतात ते या पेटीने गुंतवून पाठवायचे. तज्ज्ञांच्या समितीने एकदा हो म्हटलं की पेटी बनवायचं काम आमच्या कारखान्याला मिळणार होतं. आम्हाला त्याची गरज किती होती म्हणून सांगू! बाकी काम आटलेलं. टीव्हीचे स्टॅबिलायझर जोडून कसेबसे दिवस काढत होतो. मालक दुपारी येत, आमच्याकडे बघत आणि परत जात.

आणि त्या समितीवर बाईंना घेतलं. गणितातल्या तज्ज्ञ म्हणून. मला तर आकाश ठेंगणं झालं. बाईंनी मात्र पत्र आल्या दिवसापासून तोंड शिवून घेतलं. "आता कुलूप-किल्ली हा विषय या घरात नाही," त्यांनी सांगितलं. मग आम्ही श्रीखंडात जायफळ की वेलची, कल्याण-डोंबिवलीची एक महापालिका केली हे बरं की वाईट, असल्या विषयांवर घसे कोरडे करत बसायचो. डोंबिवलीकर काकांना महापालिकेच्या वादात शिट्टीचं भानच राहायचं नाही, दोनदा वरण करपलं.

आणखी एक गोष्ट तेव्हा सगळ्यांना ठाऊक होती. कॉलेजचे प्राचार्य निवृत्त व्हायला आले होते आणि त्यांच्यानंतर बाईंचाच क्रम होता. त्या खुर्चीत आजवर बाई माणूस बसलेलं नव्हतं. आणि तज्ज्ञ समितीचे जे अध्यक्ष, मोठे विद्वान गृहस्थ, त्यांचा कॉलेजच्या निवड समितीतही शब्द चालायचा. आम्ही चेष्टेने "प्राचार्यबाई" म्हटलं की बाई हात उडवत. "खुर्चीचं काय गं एवढं! मला बसायला घरचा पाट पुरतो." आम्हाला ते खरंच वाटायचं. बाईंना कशाची हाव असेल असं मनातच यायचं नाही कोणाच्या.

एक दिवस मालकांनी मला बोलावलं, कितीतरी महिन्यांनी हसले, आणि समितीच्या अहवालाचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. पेटी सर्वस्वी सुरक्षित असल्याचं तज्ज्ञांचं एकमत, असं वरच लिहिलं होतं. खाली कारणं. वाचता वाचता मला बाईंचा आवाज ऐकू यायला लागला. ते "शंका घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं", ते एकातून दुसरं काढत नेणं, सगळं त्यांचं. इतकी सुरेख मांडणी की मी टेबलावर हात आपटला. कोळीवाड्यातल्याला म्हटलं, "बघ रे, बाईंनी काम केलं आपलं!" मालकांकडून मसुदा मागून घेतला, पेढे घेतले आणि संध्याकाळी डोंबिवली गाठली.

बाईंची प्रत टपालातून यायची होती, त्यांनी अजून काही वाचलं नव्हतं. त्या उभ्या उभ्या वाचायला लागल्या. दुसऱ्या पानावर खाली बसल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"हे माझं अर्धं भाषण आहे," त्या म्हणाल्या.

मला काही उमगेना. आतून काका हात पुसत बाहेर आले. त्यांना मात्र लगेच उमगलं. "म्हणजे तिथे शिट्टीच झाली नाही?"

तसंच झालं होतं. बैठकीत बाईंनी घरच्या सवयीने सुरुवात केली. आधी पेटीच्या बाजूने जितकं चांगलं बोलता येईल तितकं बोलल्या, म्हणजे मग दुसरी बाजू मांडायचा हक्क मिळतो. पण ती सवय आमच्या त्या दोन खोल्यांतली. बाहेरच्या जगाला ती कुठून ठाऊक असणार? पहिली बाजू संपली, अध्यक्षांनी टाळी वाजवली, "मॅडमनी सगळ्यांच्या शंका फेडल्या," म्हणाले आणि मंडळी जेवायला उठली. जेवणानंतर बाई बोलायला लागल्या तर पुढचा विषय आला होता, कोणाला विमान गाठायचं होतं. बाईंना वाटलं, पुढच्या बैठकीत बोलू. पुढची बैठक ठरली होती ती फक्त सह्यांसाठी.

"मग उरलेलं अर्धं काय आहे?" मी विचारलं.

"ते तुला नाही सांगायचं. तू कारखान्याची माणूस. मी ते समितीपुढे बोलेन."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हातात पेढ्यांचा पुडा, कारखान्यात सगळे वाट बघतायत, आणि या मला, मला, कारखान्याची माणूस म्हणतात! मी पुडा तिथेच ठेवून निघाले. काका जिन्यापर्यंत आले. "रविवारी ये," एवढंच म्हणाले.

रविवारी गेले. न जाऊन सांगते कुणाला! बाईंनी स्वतःच विषय दिला. ज्याचं अर्धंच ऐकून घेतलं त्याने सही करावी की नाही? मी धाडदिशी "करावी" घेतली आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. म्हटलं, बाकीचे सही करणारच आहेत, एका सहीने काय अडणार? अध्यक्षांना दुखवलंत तर प्राचार्यपद गेलं म्हणून समजा. त्या खुर्चीत बसून तुम्ही किती मुलींचं भलं कराल, त्याचा हिशेब कोण करणार? आणि आमच्या कारखान्याचं काय? आमच्या चुलींचं काय? सही करा बाई, म्हटलं, आणि पेटीतलं काही खटकत असेल तर मागाहून सुधारून घ्या. मी इतक्या पोटतिडकीने कधी बोलले नव्हते. बाई खाली बघून ऐकत होत्या. कोळीवाड्यातला सही करू नये म्हणत होता, पण त्याचंही घर त्याच पगारावर चालायचं, आवाजात जोर नव्हता.

तिसरी शिट्टी झाली.

मी तोंड उघडलं आणि काय बोलायचं ते माझं मलाच माहीत नव्हतं. म्हटलं, "सही केली तर बँकेतली माणसं त्या पेटीवर विश्वास ठेवतील. कशावरून ठेवतील? कल्ला उघडून थोडाच बघणार आहेत? बाईंचं नाव आहे, एवढ्यावरून. मी स्वतः मसुदा वाचला. चोरांच्या हातात देऊन बघा म्हणणारी मी! तर काय काय दाखवलं, काय झाकलं, एक प्रश्न माझ्या मनात आला नाही. बाईंचा आवाज ऐकू आला आणि मी पेढे आणायला धावले. माझं असं होतं, तर बाकीच्यांचं काय होणार? बाईंची अर्धी गोष्टसुद्धा लोक पूर्ण समजून घरी नेतात. म्हणून बाईंना अर्ध्यावर सही करता येत नाही. दुसऱ्या कोणाला येत असेल."

बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. आपल्याच तोंडाने आपली नोकरी घालवत होते मी. आता कोळीवाड्यातल्याची पाळी, सही करावी म्हणून बोलायची. तो म्हणाला, "बाई, आज माझी दुसरी बाजू राहू दे."

"राहू दे म्हणूनच तर हा घोळ झाला," बाई म्हणाल्या. मग तो बोलला, अडखळत, पण पूर्ण बोलला. आणि आम्ही जेवलो.

बैठकीच्या दिवशी मला राहवेना. कामावरून थेट बाईंकडे गेले. काका पातेल्यात भात शिजवत होते, वर ताटली झाकून. "कुकर बिघडला का?" मी विचारलं.

"कुकर ठीक आहे. शिट्टी गेलीय मुंबईला, बैठकीला."

दिवेलागणीला बाई आल्या. पर्समधून रुमालात बांधलेली शिट्टी काढली, नळाखाली धुतली आणि कुकरच्या झाकणावर बसवली. "ऐकलं त्यांनी," म्हणाल्या.

"आणि?"

"आणि काय? ऐकलं. पुष्कळ झालं." इतक्या थकलेल्या दिसत होत्या की मी पुढे काही विचारलं नाही, आणि मी न विचारणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

अहवाल छापून आला तेव्हा उरलेलं अर्धं मला वाचायला मिळालं. बाईंनी वेगळं मत नोंदवलं होतं, थोडक्यात आणि सरळ. निरोपाचा गुंता उत्तम आहे, आम्हाला दिलेल्या वेळात तो सोडवता आला नाही. परंतु किल्ल्या कशा तयार होतात ते आम्हाला दाखवलेलं नाही. म्हणून या पेटीला मी सुरक्षित म्हणू शकत नाही. बस. कोणावर आरोप नाही, आवाज चढवलेला नाही. मी आयुष्यात हजारदा आवाज चढवला असेल, पण त्या चार ओळींएवढं वजन माझ्या बोलण्याला कधी आलं नाही.

त्या ओळींमुळे संस्थेला किल्ल्यांचा भाग उघडून दाखवावा लागला. तर काय निघालं? पेटी आपली किल्ली आतल्या घड्याळाच्या वेळेवरून बनवत होती. म्हणजे निरोप साधारण केव्हा गेला हे कळलं की जवळपासच्या थोड्याशाच किल्ल्या लावून बघायच्या, त्यातली एक लागणारच. एवढं भक्कम कुलूप, आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली! तो भाग नव्याने करायला संस्थेला वर्षाच्या वर लागलं. पण सांगायला हवं, त्या लोकांनी तो मनापासून केला, आणि या वेळी बाहेरच्या गणित्यांनाही बघायला दिला.

तोवर आम्ही स्टॅबिलायझर जोडले. काही जण सोडून गेले. मालकांनी एकदा "ती तुमची डोंबिवलीची बाई" असं म्हटलं, तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "साहेब, पुन्हा बोला बघू." ते पुन्हा बोलले नाहीत. पुढे पेटीचं काम आलं, आणि पहिली पेटी मी स्वतः तपासली. तपासताना मला आपल्या बाईंचा इतका अभिमान वाटत होता की कोळीवाड्यातला म्हणाला, "बाय, हार घालतेस काय तिला?"

प्राचार्यपदावर बाहेरचे एक गृहस्थ आले. आम्ही चडफडलो, विशेषतः मी. बाई म्हणाल्या, "खुर्चीचं काय गं एवढं!" आणि डस्टर घेऊन वर्गावर गेल्या. निवृत्त होईपर्यंत जात राहिल्या.

निरोपाचा समारंभ कॉलेजच्या सभागृहात झाला. जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते, कोळीवाड्यातला आईला घेऊन आला होता. पाहुणे म्हणून तेच अध्यक्ष. मी आधीच कपाळाला आठ्या घालून बसले होते. त्यांनी ती जुनी गोष्ट सांगायला घेतली. त्या बैठकीत बाईंनी टेबलावर कुकरची शिट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "ही झाली असं समजा, आता माझी दुसरी बाजू ऐका." आपण कसे संतापलो, मग कसे ऐकत गेलो, आणि शेवटी आपलं मत कसं बदललं, हे त्यांनी रंगवून सांगितलं. बाईंची भरभरून स्तुती केली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ते थांबले. चष्मा काढला.

"आता शिट्टी झाली असं समजा," ते म्हणाले. "मत बदललं, पण राग गेला नव्हता. प्राचार्यपदाच्या निवडीत यांच्याविरुद्ध मत मी दिलं. रागाने दिलं. ते मला आजवर कुठे बोलता आलं नाही."

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की भरल्या सभागृहात असं बोलायला छाती लागते. बाई उठल्या, माइकपाशी गेल्या.

"अध्यक्षांनी त्यांची बाजू फार वाईट मांडली," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापेक्षा मी बरी मांडते." आणि खरंच मांडली! जी बाई महत्त्वाचं बोलणं अर्धवट ठेवून जेवायला उठते तिच्या हातात कॉलेज कसं द्यायचं? जिच्या घरी वादाच्या नादात वरण करपतं तिला शिस्त काय ठाऊक? लोक हसून हसून लोळत होते, अध्यक्षसुद्धा डोळे पुसत हसत होते. बाईंनी त्यांचं सगळं ओझं हसत हसत उतरवून दिलं. मग सगळ्यांचे आभार मानले, हात जोडले आणि खाली यायला वळल्या.

मी काकांच्या शेजारी बसले होते. काकांनी मान खाली घातली होती, हसत नव्हते ते. आणि माझ्या लक्षात आलं, अर्धंच झालंय. मी उठले, दोन बोटं तोंडात घातली आणि खडवलीला मारली होती तशी शिट्टी मारली.

सगळी डोकी माझ्याकडे वळली. बाई पायरीवर थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. पुन्हा माइकपाशी गेल्या. पदराने ओठ टिपले.

"मला ती खुर्ची हवी होती," त्या म्हणाल्या. "फार हवी होती."

आणि खाली येऊन काकांच्या शेजारी बसल्या.